गाडीतला गायक समोर कसा बसवायचा

गाडी इमारतीखाली उभी करा, इंजिन बंद करा, काचा वर घ्या. आकाशवाणीच्या जमान्यातलं एखादं जुनं भावगीत लावा. ड्रायव्हरच्या सीटवर नेहमीसारखं बसा, डोळे मिटा आणि गायक जिथून गातोय असं वाटतं तिकडे बोट दाखवा. आता डोळे उघडा. बहुतेक गाड्यांत ते बोट उजव्या दाराकडे, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवर रोखलेलं असतं. गाणं मोनो आहे, म्हणजे डाव्या आणि उजव्या स्पीकरला अगदी सारखाच आवाज जातोय. मग गायक उजव्या दारात कसा जाऊन बसला? गाडीतल्या संगीताचं बरंचसं शास्त्र या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मैफिलीत तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलं, की डोळे मिटूनही कळतं: गायक मध्ये, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तानपुरे. चांगल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात ही मांडणी जपलेली असते. ऐकणाऱ्याच्या समोर ती पुन्हा उभी राहते, तिलाच साउंड स्टेज म्हणतात. गाडीत तो डॅशबोर्डच्या उंचीवर, काचेच्या आसपास किंवा तिच्याही पलीकडे, बॉनेटवर पसरलेला वाटायला हवा. एम्मा आणि आयास्का यांच्या कार ऑडिओ स्पर्धांत परीक्षक गाडीत बसून स्टेजचे वेगळे गुण देतात. त्यात रुंदी, उंची, खोली, प्रत्येक वाद्याची जागा असं बरंच काही पाहिलं जातं. माझ्या मते आपल्यासारख्या रोज गाडी चालवणाऱ्यांनी आधी एकच गोष्ट धरावी: गायक मध्यभागी आणि समोर आला पाहिजे. तो आला की बाकीचे त्याच्या भोवती आपापल्या जागा घेतात.

माझ्या पहिल्या गाडीत मी दारांत चार नवे स्पीकर, डिकीत खर्जाच्या स्वरांसाठी सबवूफर आणि सीटखाली ॲम्प्लिफायर बसवून घेतला. दुकानातून निघालो तेव्हा आवाज मोठा आणि स्वच्छ झाला होता, मला फार आनंद झाला. घाट लागेपर्यंत लक्षात आलं, की गायिका अजून उजव्या दारातच आहे. आधी हळू गात होती, आता मोठ्याने. दुकानदाराने आणखी ताकदीचा ॲम्प सुचवला. तो न घेता मी घरातली शिवणाची टेप घेऊन गाडीत बसलो, आणि खरी सुधारणा तिथून सुरू झाली.

आता कानाकडे येऊ. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्या कानाला नंतर. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. शिवाय मध्ये डोकं येतं, त्याची सावली डाव्या कानावर पडते आणि तिथे आवाजाचा जोर कमी होतो. मेंदू या दोन खुणांवरून दिशा ठरवतो. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ साली हे मांडलं. ढोबळमानाने १५०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) खालच्या आवाजांसाठी वेळेची खूण महत्त्वाची आणि त्यावरच्या बारीक, टोकदार आवाजांसाठी जोराची.

स्टिरिओचा जन्म याच खुणांवर झाला. ॲलन ब्लमलाइन हा इएमआय कंपनीतला इंजिनिअर. पडद्यावरचा नट एका बाजूला आणि त्याचा आवाज येतोय दुसऱ्याच बाजूच्या एकुलत्या स्पीकरमधून, ही सिनेमातली विसंगती त्याला खटकली, असं सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने दोन स्पीकरांच्या योजनेसाठी पेटंटचा अर्ज केला. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज, तितक्याच जोरात, एकाच क्षणी आला, की मेंदूला तो दोघांच्या मधून आल्यासारखा वाटतो. तिथे स्पीकर नसतो, तरी गायक तिथे असतो. मात्र यासाठी एक अट आहे: ऐकणाऱ्यापासून दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर हवेत. दिवाणखान्यात आपण सोफा सरकवतो. गाडीत ड्रायव्हरची सीट मधोमध सरकत नाही.

माझ्या हॅचबॅकमध्ये टेप लावली. नाकाच्या रेषेपासून उजव्या दारातला स्पीकर ९२ सेंटिमीटर, डाव्या दारातला १३८. फरक ४६ सेंटिमीटर. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४.३ सेंटिमीटर जातो, म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज १.३४ मिलिसेकंद मागे पडला. डोक्याच्या दोन बाजूंमुळे पडतो त्या फरकाच्या हा जवळपास दुप्पट आहे. इतका फरक झाला, की मेंदू दोघांच्या मधली जागा शोधत नाही. तो आधी आलेल्या आवाजाला खरा उगम मानतो आणि मागून आलेला त्यात मिसळून टाकतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली आपल्या प्रबंधात यावर काम केलं, म्हणून याला हास परिणाम म्हणतात. मोठ्या मांडवात मागच्या भोंग्यांना थोडा उशीर देतात तो याच कारणाने. आवाज भोंग्यातून येत असला, तरी व्याख्याता व्यासपीठावरूनच बोलतोय असं वाटतं.

त्या ४६ सेंटिमीटरचा आणखी एक तोटा आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. ज्या ध्वनिलहरीची लांबी ९२ सेंटिमीटर, तिच्यासाठी ४६ म्हणजे बरोबर अर्धी लहर. एका स्पीकरची लहर कानाशी वर जात असते तेव्हा दुसऱ्याची खाली येत असते आणि दोघी एकमेकींना खातात. हा खड्डा साधारण ३७० हर्ट्झला पडतो, गळ्याचा भरीव भाग असतो तिथे. गाडीत आवाज पोकळ का वाटतो, याचं मोठं कारण स्पीकरच्या दर्जात नसून या भूमितीत आहे.

‘मग बॅलन्स डावीकडे फिरवला तर?’ हा पहिला प्रश्न मलाही पडला होता. करून पाहा. गायक उजव्या दारातून निघतो खरा, पण मध्ये येऊन टिकत नाही, पसरतो. वेळेची खूण सांगते उजवीकडे, जोराची सांगते डावीकडे. मेंदूला दोन्ही खऱ्या मानाव्या लागतात, म्हणून गळा एका ठिकाणी आणि ‘स’चा सीत्कार भलत्या ठिकाणी ऐकू येतो. वेळेचा दोष वेळेनेच दुरुस्त करावा लागतो.

ती दुरुस्ती म्हणजे टाइम अलाइनमेंट. जवळच्या स्पीकरला मुद्दाम थांबवायचं, म्हणजे सगळ्यांचा आवाज डोक्यापाशी एकदम पोचतो. पायोनियर, अल्पाइन यांच्या बऱ्याच हेड युनिटमध्ये, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेयरमध्ये, ही सोय असते, फक्त ती मेनूत आत कुठेतरी असते. आधी ती शोधा. नसेल तर डीएसपी नावाचा, आवाजावर प्रक्रिया करणारा वेगळा डबा लागतो, जो हेड युनिट आणि ॲम्प यांच्यामध्ये बसतो. हिशोब सोपा आहे. सगळ्यात लांबचा स्पीकर शून्यावर ठेवायचा. बाकीच्या प्रत्येकाचं अंतर त्याच्या अंतरातून वजा करायचं आणि ३४.३ ने भागायचं, की उशीर मिलिसेकंदांत मिळतो. माझ्याकडे सगळ्यात लांब डिकीतला सबवूफर, १९० सेंटिमीटरवर. त्याला शून्य. डाव्या दाराला १.५२, उजव्या दाराला २.८६. ट्वीटर, म्हणजे बारीक स्वरांचे छोटे स्पीकर, वेगळे चालवत असाल, तर डावा १२२ सेंटिमीटरवर म्हणून १.९८ आणि उजवा ७८ वर म्हणून ३.२७. मे महिन्यात गाडी तापली की ध्वनी थोडा जलद जातो, पण फरक काही टक्क्यांचाच, त्याची काळजी नको. सीट मात्र तुम्ही रोज बसता तिथेच ठेवून मोजा.

इथे एक सावधगिरीची सूचना. परदेशी लेख आणि व्हिडिओ पाहून आकडे उतरवू नका. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे जवळचा स्पीकर डावा असतो. आपलं नेमकं उलट.

हे आकडे भरून पहिल्यांदा प्ले दाबलं, तो क्षण मला अजून आठवतो. उजवं दार गप्प झाल्यासारखं वाटलं आणि गाणारी बाई डॅशबोर्डच्या मधल्या एसीच्या जाळीच्या वर उभी राहिली. दाराचे स्पीकर तेच होते, ॲम्प तोच होता.

पण आकडे भरण्याआधी दोन गोष्टी तपासायलाच हव्यात, नाहीतर टाइम अलाइनमेंट लागू पडत नाही. पहिली, पोलॅरिटी. स्पीकरला प्लस आणि मायनस असतं. एका बाजूची वायर उलटी लागली, तर एका स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) बाहेर ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा आत ओढतो. मध्यभाग नाहीसा होतो, बास पातळ होतो, आणि आवाज डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटल्यासारखा लागतो. काहींना हे ‘रुंद’ वाटून आवडतं, म्हणून चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. तपासायची रीत जुनी आणि बिनचूक आहे: ॲम्पपासून वायर सोडवा, दीड व्होल्टच्या सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला, मायनस मायनसला क्षणभर टेकवा. वूफरचा, म्हणजे दारातल्या मोठ्या स्पीकरचा, कोन बाहेर आला पाहिजे. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका, त्याची कॉइल नाजूक असते.

दुसरी गोष्ट, दार. स्पीकर पुढे जितका आवाज फेकतो तितकाच मागे फेकतो, आणि मागचा आवाज उलटा असतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यातून मागचा आवाज पुढे येतो आणि खालचे स्वर खाऊन टाकतो. म्हणून ब्युटाइल रबराची, कंपन दाबणारी डॅम्पिंग शीट बाहेरच्या पत्र्याला आतून लावतात आणि आतली भोकं बंद करतात. पैसे मोजके असतील, तर महाग स्पीकरपेक्षा मी हे काम आधी करेन. मात्र दाराच्या अगदी तळाशी बारीक छिद्रं असतात, ती कधीही बुजवू नका. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दारात उतरतं आणि त्या छिद्रांतून बाहेर जातं. कोकणातल्या जुलैत ती बंद असली, तर दार आतून गंजायला वेळ लागत नाही.

आता जोराकडे या. उजवा स्पीकर जवळ आहे म्हणून मोठा ऐकू येतो हे खरं, पण सगळ्या स्वरांना ते लागू नाही. उजव्या दारातला स्पीकर तुमच्या पायाला समांतर, समोरच्या, म्हणजे डाव्या दाराकडे तोंड करून असतो. तो जवळ आहे, पण तुमच्याकडे बघत नाही. डावा लांब आहे, पण बराचसा तुमच्याकडे वळलेला आहे. खालचे स्वर सगळीकडे पसरतात, त्यामुळे ते उजवीकडून मोठे येतात. वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, त्यामुळे ते कित्येकदा डावीकडूनच मोठे येतात. म्हणजे एकाच गायकाचा खर्ज उजवीकडे सरकलेला आणि तार सप्तक डावीकडे. बॅलन्सचं एक बटण या दोघांना एकाच वेळी मध्ये आणू शकत नाही. डाव्या आणि उजव्या बाजूचा ईक्वलायझर (निरनिराळ्या स्वरांचा जोर कमी-जास्त करणारी सोय) वेगवेगळा लावता आला पाहिजे. डीएसपीचा खरा उपयोग मला इथे वाटतो.

कसा लावायचा? पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा सलग आवाज, मोनोमध्ये आणि एका वेळी एकच पट्टा वाजवा. आधी ३०० हर्ट्झच्या आसपासचा, मग १०००, मग ३०००, मग ६०००. प्रत्येक पट्टा डोळे मिटून ऐका आणि तो मध्ये आहे का ते पाहा. ३०००चा पट्टा डावीकडे सरकला असेल, तर फक्त डाव्या बाजूचा ३००० एक-दोन डेसिबलने कमी करा. पुन्हा ऐका. चार-पाच पट्ट्यांना असं मध्ये आणलं, की गायक ढगासारखा न राहता हाताने दाखवता येईल इतका नेमका होतो. कोणता स्वर किती जोरात आहे ते दाखवणारं मोबाइलवरचं आरटीए ॲपही मदत करतं. मोबाइलचा माइक फार खालचे आणि फार वरचे स्वर नीट मोजत नाही, पण आपल्याला डाव्याची उजव्याशी तुलना करायची आहे आणि दोन्हींना माइक तोच आहे. मोबाइल एका जागी धरू नका. डोकं असतं त्या जागेत सावकाश फिरवत अर्धा मिनिट सरासरी घ्या. आणि एक नियम पाळा: उंचवटा कापा, खड्डा भरू नका. खड्डा बहुतेक वेळा दोन लहरी एकमेकींना खाताहेत म्हणून असतो. तिथे जोर वाढवला तर दोन्ही वाढतात, खड्डा तसाच राहतो आणि ॲम्प उगाच तापतो.

या सगळ्यासाठी सुरुवातीला सुचवलेलं मोनो भावगीतच माझी कसोटी आहे. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात वाद्यं पसरलेली असतात, त्यामुळे चूक लपते. मोनोमध्ये गायक, व्हायोलिन, तबला, बासरी सगळं एकाच ठिकाणाहून यायला हवं. बासरी डावीकडे आणि तबल्याचा डग्गा उजवीकडे ऐकू आला, तर कोणत्या पट्ट्यात काम बाकी आहे हे गाणंच सांगतं.

उंचीचा प्रश्न ट्वीटर सोडवतो. दारातला वूफर पायाशी असतो, तरी २००० ते ३००० हर्ट्झच्या वरचे स्वर डॅशबोर्डच्या उंचीवरून आले, तर मेंदू सगळा आवाजच वर उचलून घेतो. म्हणून ट्वीटर ए-पिलरवर (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) किंवा आरशाच्या मागच्या तिकोनी पट्टीत लावतात. कंपनीने डॅशबोर्डवर आकाशाकडे तोंड करून दिलेले ट्वीटर काचेवर आदळून आवाज देतात. उंची मिळते, पण मूळ आवाज आणि काचेवरून परतलेला आवाज एकमेकांच्या इतके जवळ येतात, की वाद्यांच्या कडा पुसट होतात. हे पाहायचं असेल, तर गाडी उभी असताना डॅशबोर्डवर जाड टॉवेल पसरून तेच गाणं ऐका, मग टॉवेल काढून ऐका. ट्वीटर कायमचा बसवण्याआधी दुहेरी टेपने तात्पुरता चिकटवून चार दिवस ऐका, एकदा तुमच्या चेहऱ्याकडे वळवून, एकदा समोरच्या ट्वीटरकडे. कुठलंही एक उत्तर सगळ्या गाड्यांना लागू होत नाही.

इथे एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. गाडीला कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) असतील, तर त्या ए-पिलरच्या आवरणामागून जातात. तिथे स्क्रू मारणं, आवरण फोडून जाड पॉड बसवणं किंवा एअरबॅगच्या वरून वायर नेणं म्हणजे अपघातात ती नीट उघडणार नाही असा धोका पत्करणं. अशा गाडीत तिकोनी पट्टी किंवा कंपनीची मूळ जागाच वापरा. तसंच ॲम्पच्या मुख्य वायरला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच, आणि मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापण्याऐवजी कपलर, म्हणजे जोडणारा प्लग, लावून घ्या.

सबवूफर डिकीत आणि बास समोरून, हे ऐकायला अशक्य वाटतं, पण होतं. ८० हर्ट्झच्या खालच्या लहरी चार मीटरहून लांब असतात. त्यांची दिशा कानाला जवळजवळ कळत नाही. डग्ग्याची घुमार मागून आली, तरी त्यावरच्या थापेचा आवाज समोरून येतो आणि मेंदू घुमारही तिकडेच नेऊन ठेवतो. त्यासाठी सबवूफरला ६० ते ८० हर्ट्झच्या वर जाऊ द्यायचं नाही. क्रॉसओव्हरचा, म्हणजे स्वर स्पीकरांत वाटून देणाऱ्या सोयीचा, उतार तीव्र ठेवा, २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (सप्तक). दारातल्या साडेसहा इंची वूफरना त्याच ठिकाणाहून वर चालवा. मग दोघांच्या सीमेवरचा स्वर वाजवत सबवूफरची पोलॅरिटी एकदा सरळ, एकदा उलटी करून पाहा. ड्रायव्हरच्या सीटवर ज्यात तो स्वर जास्त भरीव येतो ती ठेवा. तरी बास मागेच वाटला, तर बहुधा काहीतरी खडखडतंय: नंबर प्लेट, मागचा पार्सल ट्रे, डिकीतला जॅक. खडखडाट वरच्या स्वरांचा असतो आणि तो कानाला मागे ओढतो. डॅशबोर्डवरच्या गणपतीची छोटी मूर्ती आवाजाच्या वाटेत येत नाही, पण तिचा पाट सुटला असेल तर त्याखाली फेल्टचा तुकडा चिकटवा.

मागच्या दारांतले स्पीकर एकट्याने गाडी चालवताना मी बंद ठेवतो. मैफिलीत कुणी आपल्या पाठीमागे बसून गात नाही. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सोय) पुढे नेला की स्टेज एकदम समोर सरकतो, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही.

हे सगळं जमल्यावर एक अडचण उरते. ड्रायव्हरसाठी मध्य बसवला, की शेजारी बसलेल्याचा मध्य बिघडतो. त्याच्या आणि डाव्या दाराच्या मधलं अंतर आधीच कमी, त्यात उजव्या बाजूला उशीर दिलेला. त्याला सगळं गाणं डाव्या दारातून ऐकू येतं. गावी जाताना आई शेजारी बसली होती आणि म्हणाली, ‘अरे, हे सगळं माझ्याच कानाशी का वाजतंय?’ तेव्हापासून मी दोन प्रीसेट, म्हणजे साठवलेल्या मांडण्या, ठेवलेत. पहिला माझा, टेपने मोजलेला. दुसऱ्यात दोन्ही बाजूंचा उशीर सारखा, फक्त सबवूफर जुळवलेला, मागचे स्पीकर हळू आवाजात चालू, आणि गायक कुणाच्याच अगदी समोर नाही, पण कुणाच्या कानाशीही नाही. आई गाडीत बसली की सीटबेल्ट लावतानाच मी दुसरं बटण दाबतो.